दारालगतचा बाक

एस्टिल रॅटलिफ गेल्याला तीन महिने होत आले आणि एका बुधवारी, प्रार्थना आटोपल्यावर, त्याची बायको ओपल जागेवरून उठून म्हणाली की दारावरचा एस्टिलचा पहारा यापुढे ती करील.

ओपल त्र्याहत्तर वर्षांची, पाच फुटांच्या आत उंची, सर्दी झाली तरी उडून जाईल अशी. चर्चमध्ये त्या दिवशी पंधरावीस माणसं होती, पण हसलं कुणी नाही. ओपलला हसण्याची त्या खोऱ्यात कुणाची छाती नव्हती. ती घरी पोचायच्या आत मात्र दोघांनी तिच्या मुलीला सिनसिनाटीला फोन केले. मुलगी लेटा, सत्तेचाळीस वर्षांची, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात कामाला. तिनं शुक्रवारची रजा टाकली आणि गाडी काढून केंटकीच्या डोंगरातल्या घरी आली. आईला समजवायचं आणि रविवारी परत फिरायचं, एवढाच तिचा बेत होता.

दारावरचा पहारा अकरा वर्षांपूर्वी सुरू झाला. दूरदूरच्या गावांतल्या चर्चमधून गोळीबाराच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा चार पुरुषांनी पाळ्या वाटून घेतल्या. ज्याची पाळी तो सगळ्यात मागच्या, दारालगतच्या बाकावर बसणार. खिशात रिव्हॉल्व्हर, नजर दारावर. उशिरा येणाऱ्याला दार उघडून द्यायचं आणि अनोळखी माणसाचा हात हातात घेऊन, ख्यालीखुशाली विचारत, तो माणूस कसा आहे ते पाहून घ्यायचं. त्या बाकावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा नियम होता. पहारेकऱ्यानं वर्षातून एकदा पहाऱ्याची वही ठेवणाऱ्या ब्रदर हर्शेलसमोर, सात यार्डांवर ठोकलेल्या कागदी थाळीवर पंचवीसपैकी वीस गोळ्या लावून दाखवायच्या, असाही होता. चौघांपैकी तिघांना कधी गुडघा, कधी हरणांच्या शिकारीचा मोसम, कधी सासुरवाडी आडवी यायची. त्यामुळे वर्षाचे बहुतेक रविवार त्या बाकावर एस्टिलच असायचा.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगांची टोपली मध्ये ठेवून लेटानं आपलं म्हणणं मांडलं. वय, डोळे, हात. विशेषतः हात. संधिवातानं ओपलच्या दोन्ही अंगठ्यांची मुळं सुजून वर आली होती. अडतीस वर्षं चर्चचा पियानो वाजवणाऱ्या या बाईनं त्यापायीच एप्रिलमध्ये पियानो सोडला होता. आता तिथं ओपलकडेच शिकलेली पास्टरची भाची कोरी बसत होती.

"मग तू विल्मामावशीशेजारी बस ना," लेटा म्हणाली. "तिसऱ्या ओळीत."

"विल्मा पेपरमिंट खाते आणि कागद वाजवते. शेंगा मोड."

लेटा शेंगा मोडत राहिली. नवरा गेला, पियानो गेला. एवढ्याशा चर्चमध्ये आपल्या आईला बसायला जागाच उरली नाही, हे तिला कळत होतं. पण त्यासाठी खिशात रिव्हॉल्व्हर कशाला, हे कळत नव्हतं. ते विचारायचा तिनं दोनदा प्रयत्न केला. ओपलनं एकदा पावसाचा विषय काढला आणि दुसऱ्यांदा कोंबडीचा.

शनिवारी सकाळी दोघी डेनवर कॉम्ब्सच्या दुकानात गेल्या. खोऱ्याच्या तोंडाशी, पुलाच्या अलीकडे, एका छपराखाली मासे पकडायचं आमिष, करवतीचं तेल, शिकारीचे परवाने आणि बंदुका विकणारं दुकान. डेनवर एस्टिलच्या बरोबरीचा, खाणीत दोघांनी सोबत वीजकाम केलेलं. त्यानं लेटाला मिठी मारली, मग म्हणाला की तुझ्या शहरात अजून पुस्तकं वाचतात होय लोक.

ओपलनं पर्स उघडून रुमालात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर काचेच्या कपाटावर ठेवलं. आखूड नळीचं, करड्या रंगाचं, पाच काडतुसांचं. घोडा आत झाकलेला, म्हणजे खिशातून काढताना कशात अडकायला नको. एस्टिलच्या रविवारच्या पँटच्या खिशात सापडलं होतं.

"याची काडतुसं हवीत, आणि खिशात ठेवायचं एक कातडी पाकीट," ती म्हणाली. "बाकी काही नको."

डेनवरनं ते उचललं, उघडून रिकामं असल्याची खात्री केली, आणि पुन्हा रुमालावर ठेवलं.

"मिस ओपल, हे तुमच्या कामाचं नाही."

"का? हलकं आहे. माझ्या चष्म्याच्या डबीएवढं वजन आहे."

"तेच सांगतोय."

त्यानं तिला कपाटाचा सगळ्यात खालचा खण दाखवला. तिथं दहाबारा छोटी रिव्हॉल्व्हरं ओळीनं मांडली होती, तीनचारांच्या मुठी गुलाबी. सगळी एकदाच वापरलेली, डेनवर म्हणाला. नवरा येतो, बायकोसाठी दुकानातलं सगळ्यात हलकं मागतो. बाई नाजूक, तर बंदूकही नाजूक हवी, हा हिशेब. एक दिवस ती बिचारी पाच गोळ्या झाडते, हात चोळत घरी जाते, आणि महिन्याभरानं तेच खोकं घेऊन नवरा माझ्या दारात. गोळीचा धक्का कुणीतरी सोसायला लागतोच. तो लोखंडानं नाही सोसला तर हाडानं सोसायचा. दुकानात जे हलकं, ते मैदानात जड.

"मग एस्टिलला का विकलंस?" ओपलनं विचारलं.

डेनवरनं लेटाकडे पाहिलं, मग काचेकडे.

ऑक्टोबरमध्ये एस्टिल आला होता, तो सांगू लागला. आपलं जुनं पोलादी रिव्हॉल्व्हर घेऊन. म्हणाला, एका बाईसाठी सगळ्यात हलकं दाखव. डेनवरनं हेच सगळं त्यालाही ऐकवलं, त्यालाच ऐकवायचं म्हणजे पाद्र्याला बायबल शिकवल्यासारखं. एस्टिलनं ऐकून घेतलं आणि टपालाच्या काट्यावर एकेक ठेवून तोलत बसला. जुनं भरलं तेवीस औंस, हे पंधरा. जुनं बदल्यात देऊन हे घेऊन गेला. "बाई कोण ते मी विचारलं नाही. दार उघडून बाहेर पडला तेव्हा एका हातानं पँट धरली होती त्यानं. तेव्हा कळलं."

लेटाला ऑक्टोबर आठवला. दर रविवारी संध्याकाळी ती फोन करायची आणि डॅडी म्हणायचे, झकास, तू सांग. नोव्हेंबरच्या सणाला ती घरी आली तेव्हा ते तिला वाळलेले दिसले. साखर सोडलीय, डॉक्टरही खूश आहे, असं त्यांनी सांगितलं आणि तिला ते पटलं. आजाराचं नाव तिला जानेवारीत कळलं. पोटाशी सुटलेल्या पँटच्या खिशात तेवीस औंसांचं पोलाद ठेवलं की पँट खाली येते, आणि पहारा सोडायचा नाही म्हणून एक माणूस टपालाच्या काट्यावर औंस मोजतो, हे तिला आता, जूनमध्ये, आमिषाच्या डब्यांमध्ये उभं राहून कळत होतं.

"तुला माहीत होतं, ममा?"

"त्यानं सांगितलं नव्हतं," ओपल म्हणाली. "पण त्याच्या पँट मीच कमरेत आत घेत होते. तीनदा घेतल्या. शिवणारीला सांगावं लागतं होय?"

ओपलनं रिव्हॉल्व्हर उचललं आणि डेनवरला म्हणाली की त्याला जमलं ते मला जमेल.

दुकानामागे टेकडी कापून केलेली सपाट जागा होती, शेवटाला मातीचा उंच बांध. डेनवरनं पाटीवर कागदी थाळी ठोकली, दोघींच्या कानांवर जाड झाकणं चढवली आणि ओपलला कसं उभं राहायचं ते दाखवलं. तिनं हात ताणले, चाप ओढला. चापही जड होता, दोन्ही हातांची बोटं लावून ओढावा लागला. आवाजासरशी तिचे हात कपाळापर्यंत गेले. दुसरी गोळी झाडताना तिनं डोळे मिटले. पाचव्या गोळीनंतर ती रिव्हॉल्व्हर काळजीपूर्वक फळीवर ठेवून वळली तेव्हा अंगठा आणि तर्जनीमधली कातडी फाटली होती आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. थाळीवर एक भोक होतं, तेही कडेला.

"पुन्हा भर," ती म्हणाली.

डेनवरनं भरलं नाही. पट्टी आणतो म्हणून तो दुकानात गेला आणि तिथंच रेंगाळला.

त्याच्या ट्रकचं मागचं फळकूट खाली केलेलं होतं. त्यावर मायलेकी बसल्या, ओपलचे पाय जमिनीला टेकत नव्हते. लेटानं आपल्या रुमालानं तिचा हात बांधला. तोच अंगठा. याच अंगठ्यानं तिला लहानपणी सा कुठला ते दाखवलं होतं, आणि ती काही शिकली नव्हती. गाठ मारताना ती म्हणाली की ममा, आता तरी सांग.

ओपल समोरच्या बांधाकडे बघत राहिली. मग कपडे वाळत घालताना कुणी बोलावं तशा आवाजात बोलली.

"अकरा वर्षं माझी त्याच्याकडे पाठ होती. त्याआधी तो दुसऱ्या ओळीत बसायचा, माझ्या हाताशी. पानं उलटून द्यायचा, तीही एक कडवं उशिरा. मग त्याला दारात बसवलं. मी पुढे, तो पार मागे. पण मला कळायचं तो बघतोय ते. इथं कळायचं." तिनं चांगला हात मानेवर ठेवला. "म्हणून मी चांगल्या कॉलरचे झगे घालायचे. नाहीतर पाठीला कोण झगे घालतं?"

लेटानं रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

"मला एकदा तिथून बघायचंय. एवढंच आहे."

"मग जाऊन बस की. किल्ली आहे तुझ्याकडे. आज दुपारीच जाऊ."

"रिकाम्या चर्चमध्ये? तिथं काय बाक बघू? रविवारी बसायचंय. आणि रविवारी ती जागा पहाऱ्याच्या माणसाची." तिनं बांधलेला हात मांडीवर घेतला. "हर्शेलला सांगितलं तर म्हणेल, बसा सिस्टर ओपल, तुमच्यासाठी काय वाट्टेल ते. मग ते सगळे माना वळवून बघणार, बिचारी, नवऱ्याच्या जागेवर बसलीय. तशी नकोय मला. त्याला कुणी दया म्हणून दिली नव्हती ती."

लेटानं सिनसिनाटीहून येताना वाटेत जी वाक्यं जुळवली होती त्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं. आपल्याला आईला वाचवायचं होतं की आईला सोडून परत जाताना आपलं मन वाचवायचं होतं, असं तिला वाटून गेलं. ती फळकुटावरून उतरली आणि दुकानात गेली. डेनवर पट्टीचं खोकं हातात धरून खिडकीशी उभा होता, न बघितल्यासारखं करत.

"तिला जमेल असं दाखवा," ती म्हणाली.

मग खरी निवड सुरू झाली आणि तिला सगळी दुपार लागली. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं डेनवरनं उद्या या म्हणून परत पाठवली. त्यानं पोलादी रिव्हॉल्व्हरं काढली. एकाचा चाप ओपलच्या बोटाला पोचेना. एकाची मूठ एवढी लहान की करंगळी हवेत. तिसऱ्याची नळी इंचभर लांब होती, चोवीस औंस वजन, चाप आधीच्या कुणा मालकानं घासूनपुसून मऊ करवून घेतलेला. डेनवरनं त्याची लाकडी मूठ काढून जाड रबराची बसवली, ती तळहात भरून बसली. काडतुसंही सौम्य, नेमबाजीच्या सरावाची दिली.

"ही तर वीट आहे," ओपल म्हणाली.

"वीटच हवी, मिस ओपल. गोळीची लाथ वीट खाईल, तुम्ही नाही."

पट्टी बांधलेल्या हातानं तिनं पाच गोळ्या झाडल्या. हात वर गेले, पण छातीपासून हनुवटीपर्यंतच. थाळीवर तीन भोकं होती. ती पुढे जाऊन तिन्ही भोकांत बोट घालून आली. लेटानं तिचा असा चेहरा फेब्रुवारीपासून पाहिला नव्हता.

पैसे देताना मात्र ती अडली. एस्टिलचं ते करडं रिव्हॉल्व्हर तसंच रुमालावर पडलं होतं. ते घरी नेलं तर ती रविवारी तेच खिशात टाकील, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं त्याच्या मुठीवरून बोट फिरवलं. शेवटी रुमाल तेवढा काढून घेतला आणि ते डेनवरकडे सरकवलं.

"त्या खालच्या खणात नको ठेवूस," ती म्हणाली. "हे एकदाच वापरलेलं नाही."

"नाही ठेवणार," डेनवर म्हणाला. "तो दर शनिवारी यायचा इथं. पंचवीस गोळ्या. हिवाळाभर. हात काळानिळा व्हायचा, तुम्हाला काय सांगायचा?"

"गाडीचं झाकण पडलं म्हणायचा. चारदा पडलं ते."

लेटानं रजा वाढवली. पुढचे पंधरा दिवस ओपल एक दिवसाआड दुकानामागे जाऊन सराव करायची, मधल्या दिवशी अंगठा मिठाच्या गरम पाण्यात. वजनाचा प्रश्न उरलाच होता. झग्याच्या खिशात ते ठेवलं की झगा एका बाजूला ओघळायचा आणि ती शेंगांची पिशवी अडकवल्यासारखी दिसायची. आईच्या शिवणयंत्रापाशी बसून दोघींनी तिच्या निळ्या स्कर्टच्या आतून कमरेला एक रुंद पट्टा जोडला आणि त्याला जाड कापडाचा खिसा लावला. ओपलनं यंत्र चालवलं, लेटानं टाचण्या दिल्या. खिशाची शिवण घालता घालता ओपलनं सांगितलं की एस्टिलच्या पँट आत घेताना ती दर वेळी कापड कापायची नाही, आत दुमडून ठेवायची. पुन्हा अंग धरलं तर उसवता येईल म्हणून. लेटाच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिला काही बोलता आलं नाही, आणि ते बरंच झालं.

परीक्षेच्या दिवशी ब्रदर हर्शेल वही घेऊन आला, दोन पहारेकरीही मजा बघायला आले. त्यातला एक म्हणाला की सिस्टर ओपल, माझी सासू आली तर तिलाही आत सोडणार ना. ओपल म्हणाली की तुझी सासू आली तर तिच्यासाठी दार उघडीन आणि तुझ्यासाठी लावीन. मग तिनं पंचवीस गोळ्या झाडल्या, पाच-पाच करून, दर पाचांनंतर हात झटकत. हर्शेलनं थाळी उतरवली, भोकं मोजली, पुन्हा मोजली.

"एकवीस," तो म्हणाला, आणि टोपी काढली. "रविवारी पावणेदहाला, सिस्टर. उशीर नको."

रविवारी ती साडेनऊलाच गेली. निळा स्कर्ट, पांढरी कॉलर, केस घट्ट. आल्यागेल्या प्रत्येकाला तिनं दार उघडून दिलं आणि हात हातात घेतला. विल्मामावशी म्हणाली की इथं वारा लागेल गं तुला. दहाला घंटा झाली, लोक बसले, आणि ओपल दारालगतच्या बाकाच्या टोकाशी, जिथून पहारेकऱ्यानं चटकन उठायचं असतं तिथं, टेकली. लेटाला पहाऱ्याच्या बाकावर बसता येत नव्हतं, म्हणून ती त्याच्या पुढच्या ओळीत, आईच्या अगदी समोर बसली.

कोरीनं पियानोवर पहिलं भजन धरलं. लेटानं हळूच मागे वळून पाहिलं. ओपल मान उंच करून समोर बघत होती. मग डावीकडे कलली, मग उजवीकडे. तिच्या आणि पियानोच्या बरोबर मध्ये छताला आधार देणारा लाकडी खांब होता, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा. त्या जागेवरून पियानोचं एक टोकही दिसत नव्हतं.

ओपल ताठ बसून राहिली. हात मांडीवर, चेहरा कोरा. एक कडवं झालं. लेटाला वाटलं की उठावं आणि तिला इथून घेऊन जावं, कुठंही. अकरा वर्षं, आणि चांगल्या कॉलरचे ते सगळे झगे.

दुसऱ्या कडव्याला ओपल बाकावर सरकली, आतल्या बाजूला. जरा थांबली, आणखी थोडी सरकली. मग हलायची थांबली.

ब्रदर हर्शेल भजनाची वही तोंडापुढे धरून, वाकून, कडेकडेनं तिच्यापाशी आला.

"टोकाला बसायचं असतं, सिस्टर," तो कुजबुजला. "आत बसलं की उठायला वेळ लागतो. एस्टिलही असंच करायचा. अकरा वर्षं सांगितलं त्याला, टोकाला बस, टोकाला बस. दर वेळी हो म्हणायचा आणि पाठ वळली की इथंच. माझं डोकं फिरवलं होतं त्यानं."

"इथंच?" ओपलनं विचारलं.

"इथंच. बघा ना, लाकूड कसं गुळगुळीत झालंय."

ओपलनं लाकडाकडे पाहिलं नाही. ती समोर बघत होती. तिथून, खांब आणि कोट टांगायच्या खुंट्यांच्या मधून, वीतभर रुंदीची फट होती, आणि त्या फटीत पियानोच्या स्टुलावर बसलेल्या कोरीची पाठ पूर्ण दिसत होती, मानेपासून कमरेपर्यंत.

"माझं लक्ष आहे दाराकडे, हर्शेल," ती म्हणाली.

"तोही हेच म्हणायचा," हर्शेल म्हणाला आणि डोकं हलवत गेला.

लेटा अर्धवट वळून बसली होती. शिष्टाचार सोडून ती तशीच बसली. तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा ओपल पुढे वाकली, तिचं तोंड लेटाच्या कानाशी आलं. तिच्या श्वासाला पेपरमिंटचा वास होता, विल्मानं दिलं असावं.

"पोरीचा डावा खांदा पडतो वाजवताना," ती म्हणाली. "बघ. माझाही पडत असेल. शिकवताना मीच पाडायला शिकवला असेल." भजन चालूच होतं. "अकरा वर्षं बघत होता, एकदाही बोलला नाही मेला."

बाहेर खडीवर गाडी थांबल्याचा आवाज आला. ओपलनं डोळे पुसले, स्कर्ट सावरला आणि दार उघडायला उठली.